रस्टअप आणि कार्गो: कामाला चोख, पण घरभर पसारा

दारव्ह्याजवळच्या गावात बसून दोन वर्षं झाली रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करतोय, म्हटलं आता लिहूनच टाकावं. आमच्याकडे नेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट, तेही फोन स्लॅबवर नेऊन ठेवला तर, अन् लाइनचा काही नेम नाही. इथं भाषा कशी आहे ते मग, आधी तिची टूल्स, म्हणजे भाषा मशिनवर टाकणारं रस्टअप अन् प्रोग्राम बांधणारं कार्गो, नेटशिवाय चालतात का ते पाहा लागते.

चालतात, लय छान चालतात. रस्टअप टाकलं की डॉक्युमेंटेशन पण मशिनवरच येते, 'रस्टअप डॉक' मारा, ब्राउझरमधे सगळं उघडते. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस टॉवर बंद होता तरी मी आरामात काम करत बसलो. कार्गोला ऑफलाइन सांगितलं की आधी उतरवलेल्या क्रेट्सवरच (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर) बिल्ड करते, कुरकुर नाही. डेटा कमी असला तर रस्टअपचं मिनिमल प्रोफाइल, म्हणजे कमीत कमी सामान, घ्या, डॉक्स येणार नाहीत पण डाउनलोड बराच हलका होते. दर 6 आठवड्यांनी नवीन व्हर्जन येते, मी तीन-चार सोडून एखादं घेतो, काही बिघडलं नाही.

आता पसारा. माझी एसएसडी 128 जीबीची, एक दिवस भरली. पाहतो तर होम फोल्डरमधे डॉट कार्गो (.cargo) नावाचं फोल्डर 5 जीबी खाऊन बसलेलं, मला वाटलं कॅशे (पुन्हा उतरवता येईल असा माल) असेल, उडवलं. कॅशे होताच त्यात, पण सेटिंगची फाइल, क्रेट्स जिथं ठेवतात त्या क्रेट्स डॉट आयओ साइटचं लॉगिन टोकन (पासवर्डसारखी चावी), कार्गोने टाकलेली बाकीची टूल्स, एवढंच काय खुद्द कार्गो आणि रस्टअपच्या कमांड पण त्याच्याच बिन फोल्डरमधे. पुढची कमांड मारली तर 'कमांड नॉट फाउंड'! चूक माझीच, मान्य. पण बियाण्याची तूर, डाळीची तूर अन् फवारणीचं औषध एकाच कोठीत कोण ठेवते बावा? आईला सांगितलं तर म्हणे, "मंग उघडून नाही पाहाव काय?"

लिनक्सवर कोणती फाइल कुठं ठेवायची याचा नियम 2003 पासून आहे, एक्सडीजी बेस डिरेक्टरी. सेटिंग डॉट कॉन्फिगमधे, फेकून दिलं तरी चालेल ते डॉट कॅशेमधे, बाकी डेटा डॉट लोकलच्या आत. कोडचा इतिहास ठेवणारं गिट 2012 पासून सेटिंगसाठी जुनी जागाही पाहते अन् नवीही. गो भाषेचा बिल्ड कॅशे सरळ डॉट कॅशेमधे जातो. कार्गोसाठी तर 2016 मधेच रीतसर प्रस्ताव आला होता, डिफॉल्ट मात्र अजून तेच.

टूल सांभाळणाऱ्यांना आळशी म्हणणं सोपं आहे, मी पण म्हणायचो. पण रस्टअपमुळे एकाच मशिनवर जुनं-नवं कार्गो शेजारी शेजारी राहते ना, नव्या कार्गोने सेटिंग हलवली तर जुन्याला ती सापडणारच नाही. त्यात कार्गो चालू फोल्डरपासून एकेक फोल्डर वर जात प्रत्येक ठिकाणी डॉट कार्गोमधली सेटिंग शोधते, म्हणजे होममधली फाइल तशीही वाटेत येतेच. अन् लोकांच्या स्क्रिप्टांमधे तो रस्ता हातानं लिहिलेला आहे ते वेगळंच.

तोवर जुगाड: 'कार्गो होम' आणि 'रस्टअप होम' ही (फोल्डर कुठं ठेवायचं ते सांगणारी) दोन व्हेरिएबल्स इन्स्टॉल करायच्या आधीच सेट करा. मी ती बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाते ती फाइल) लिहिली, तर मेन्यूमधून उघडलेल्या एडिटरला ती दिसलीच नाहीत अन् त्यानं होममधे नवीन डॉट कार्गो करून ठेवलं, डोकं फिरलं. आता लॉगिनच्या वेळीच सेट होतील अशा जागी टाकलीत. तरी याने पसारा फक्त दुसऱ्या खोलीत जाते, आत सगळं एकत्रच राहते.

जागेपुरतं बोलायचं तर 1.88 व्हर्जनपासून कार्गो तीन महिने हात न लागलेल्या डाउनलोड फाइल्स आपोआप झाडते, तेव्हापासून एसएसडीला जरा श्वास आहे.

5 पैकी 4. बॅकअप घेताना त्या फोल्डरातली फक्त सेटिंगची फाइल, कॉन्फिग डॉट टॉमल, घ्या, टोकनची फाइल पेनड्राइव्हवर नेऊ नका, ती साधी वाचता येते.