लेझर टॅगचा चार बंदुकांचा सेट: दिवाळी ते जून वापरल्यावर

लेझर टॅग म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीनं समोरच्याच्या जाकिटावर न दिसणाऱ्या उजेडाची गोळी मारायचा खेळ. दिवाळीच्या आधी ऑनलाइन मागवला होता हा सेट, चार बंदुका अन् चार जाकिटं, पाच हजाराच्या आसपास बसला. आता शाळा उघडायच्या टायमाला लिहायलोय म्हणजे थंडी, परीक्षा अन् अख्खी उन्हाळी सुट्टी यातून तो गेलाय, लातूरला आमच्या कॉलनीत पण अन् औश्याकडं गावाकडच्या घरी पण. मत आधीच सांगून टाकतो, वस्तू चांगली आहे, पैसे वसूल आहेत, पण हा खेळ दिवेलागणीनंतरचा आहे. भर दुपारी मैदानात खेळून बघाल तर दुसऱ्याच दिवशी परत पाठवाल.

त्याचं कारण बंदुकीच्या आतच आहे. हिच्यातून जे सुटतं ते टीव्हीच्या रिमोटमधून निघतं तेच इन्फ्रारेड, साधारण ९४० नॅनोमीटरचं, डोळ्याला दिसत नाही. ट्रिगर दाबला की पुढचा एलईडी सेकंदाला ३८ हजार वेळा या वेगानं लुकलुकतो, त्यातच कोणत्या टीमची गोळी अन् किती जोराची हा कोड जातो, नळीतलं भिंग तो झोत बारीक करून लांब फेकतं. समोरच्या जाकिटावरचा सेन्सर तेवढंच लुकलुकणं ओळखतो म्हणून घरातल्या ट्यूबलाइटचा वगैरे काही त्रास नाही. पण सूर्याच्या उजेडात इन्फ्रारेड एवढं असतं की सेन्सर त्यातच भरून जातो, बारीक कोड त्याला कळतच नाही. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन तर सांगायलाच नको. डब्यावर १५० फूट लिहिलंय, ते सात वाजल्यानंतर कॉलनीच्या रस्त्यावर जवळपास खरं ठरतं, दुपारी उघड्यावर मात्र वीस-पंचवीस फुटांवरून पण धड लागत नाही.

बायकोची बहीण म्हणली, दाजी लेझरनं लेकरांचे डोळे जातील. आत लेझर नसतोच, एलईडी असतो, रिमोटएवढाच. तरी पण नळीला डोळा लावून बघायची सवय लहान्या लेकरांना लागू देऊ नका. अन् हे इन्फ्रारेड बघायचं असंल तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा नळीसमोर धरा अन् ट्रिगर दाबा, स्क्रीनवर जांभळट उजेड दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा फिल्टर असतो, त्यात दिसंलच असं नाही. "माझी बंदूक खराब झाली" म्हणून रडत आलेल्या लेकराचा प्रश्न यानं एका मिनिटात सुटतो, उजेड दिसला तर बंदूक ठीक आहे, जाकीट बघा.

चालवायला सोपं आहे. एक बटण टीमच्या रंगाचं (लाल, निळा, हिरवा, पांढरा), एक हत्यार बदलायचं, एक रिलोडचं. जाकिटाचा रंग वेगळा लावावा लागतो अन् तो बंदुकीशी जुळला पाहिजे, नाहीतर आपल्याच टीमचा माणूस आपल्याला आऊट करतो अन् मग भांडणं. प्रत्येकाला नऊ जीव, लागलं की जाकीट थरथरतं, दिवा लागतो, आवाज येतो. हत्यारं चार आहेत, पिस्तूल, शॉटगन, मशीनगन, रॉकेट. रॉकेट एकाच दणक्यात जास्त जीव घेतं पण लगेच रिलोड करावं लागतं, म्हणून पहिले पंधरा दिवस सगळे रॉकेटच घेऊन फिरत होते अन् नंतर आपोआप पिस्तुलावर आले, कारण शांत डोक्यानं नेम धरणारा पिस्तुलवाला रॉकेटवाल्याला रिलोड करताना गाठतो. हे लेकरांचं लेकरांनीच शोधलं, मला फार आवडलं ते.

एक गोष्ट मात्र खटकते. जाकिटाचे नऊच्या नऊ जीव गेले तरी बंदूक चालूच राहते, दोघांचा आपसात काही संबंध नाही. म्हणजे मेलेला गडी गोळ्या झाडत फिरू शकतो. "काका मी मारलो ना त्याला, तरी खेळायलाय बगा" हे वाक्य रोज ऐकू येतं. आम्ही नियमच केला, आऊट झालं की बंदूक खाली ठेवून वट्ट्यावर बसायचं. दुसरा नियम, जाकीट सगळ्यात वर, थंडीत पोरं त्याच्यावरून स्वेटर घालायची अन् जाड कापडातून इन्फ्रारेड आत जात नाही. घेणाऱ्यानं आधी हेच विचारावं, आऊट झाल्यावर बंदूक बंद पडती का. थोडे जास्त पैसे लागले तरी तसा सेट घ्यावा, दिव्याचे रंग अन् आवाज कमी असले तरी चालतील.

सेलचा खर्च किमतीत धरूनच घ्या. बंदुकीला चार पेन्सिल सेल, जाकिटाला तीन बारीक सेल, चौघांचं मिळून अठ्ठावीस. भिंतीच्या घड्याळाला घालतो ते स्वस्त सेल यात टिकत नाहीत, थरथरायची मोटर अन् स्पीकर एकदम करंट ओढतात, व्होल्टेज खाली बसतं अन् बंदूक मधीच बंद होऊन पुन्हा चालू होते, लोकांना वाटतं वायरिंग गेलं. अल्कलाइन चांगले चालतात पण रोज खेळणाऱ्या घरात ते परवडत नाहीत. आम्ही निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घेतले, ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात तरी आमच्या सेटमध्ये मस्त चालतात कारण ते शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतात. परीक्षेच्या महिन्यात खेळ बंद ठेवला तेव्हा सगळे सेल काढून ठेवले, हे न चुकता करा, आत राहिलेला सेल पाझरला की पितळी पट्ट्या खातो.

आता गावाकडचं. सुट्टीत भाच्या-पुतण्यांसकट सगळी लेकरं गावाला, बाहेर बेचाळीस डिग्री, संध्याकाळपर्यंत करायचं काय. आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे, दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती, खिडक्या नावाला, वरून झरोके. भर दुपारी आत अंधार अन् गारवा. हा सेट जणू त्याच घरासाठी बनवलाय असं वाटलं. ढाळजेपासून, म्हणजे दारातल्या बसायच्या जागेपासून, मागच्या धान्याच्या खोलीपर्यंत खेळ रंगायचा, चुन्यानं सारवलेल्या पांढऱ्या भिंतीवरून इन्फ्रारेड उलटून येतं त्यामुळं कोपऱ्यात लपलेल्याला पण लागतं. आमच्या थोरलीनं कपाटाच्या आरशावर नेम धरून दाराआडच्या भावाला आऊट केलं, त्यादिवशी सगळ्या घरानं तिला शाबासकी दिली, आज्जीनं सुद्धा. अन् धाकट्यानं वेगळंच शोधलं, झरोक्यातून उन्हाची तिरीप खाली पडती तिथं तो छातीवरचा सेन्सर बरोबर उन्हात धरून उभा राहायचा, कुणाची गोळी लागेना. नववी-दहावीत जे प्रकाशाचं परावर्तन पाठ करतात ते थोरलीनं, अन् उन्हात सेन्सर भरून जातो हे धाकट्यानं, प्राथमिक शाळेतच हातानं करून बघितलं, मला याचं खरंच कौतुक वाटतं. गाव सोडून गेलेल्या लोकांची अशी घरं आता पडायलेत, ज्यांचं उभं आहे त्यांनी एकदा दुपारी खेळून बघावं.

तसा हा खेळ मुळातच अंधाऱ्या हॉलचा. अमेरिकेत डॅलसला १९८४ मध्ये जॉर्ज कार्टर नावाच्या माणसानं फोटॉन नावानं पहिलं सेंटर काढलं, घरी खेळायचे सेट १९८६ च्या सुमारास गाजले. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये तासाचे पैसे घेतात त्याचंच हे छोटं रूप.

टिकाऊपणा ठीक आहे. प्लास्टिक जाड आहे, गच्चीवरून एकदा पडूनही काही झालं नाही. धूळ मात्र याला सोसत नाही, गावाकडच्या फुफाट्यानं एका बंदुकीचा ट्रिगर अडकला, चार स्क्रू काढून ब्रशनं झाडला तेव्हा सुटला. विकणाऱ्याला मेसेज केला होता, स्प्रिंग सुटी मिळती का म्हणून, उत्तर आलं नाही. भिंगावर पण धूळ बसती, कोरड्या सुती कपड्यानं पुसत जा, लगेच रेंजमध्ये फरक पडतो. जाकिटाचे पट्टे सहा वर्षाच्या लेकराला ढिले अन् मोठ्या माणसाला आखूड, आठ ते बारा वर्षांच्या लेकरांना बरोबर बसतात.

अजून एक, शेजाऱ्यांनी आमचं बघून घेतला पण दुसऱ्या कंपनीचा, दोन्हीचे कोड वेगळे असल्यानं त्यांची गोळी आमच्या जाकिटाला लागत नाही अन् आमची त्यांना. कॉलनीत दोन-तीन घरं मिळून घेणार असाल तर आधी ठरवून एकाच कंपनीचं एकच मॉडेल घ्या, म्हणजे आठ-दहा लेकरं एकत्र खेळतील.