एका रुग्णालयाची हक्कपुस्तिका आणि माझा चार दिवसांचा मुक्काम

पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मी नुकतीच चार दिवस एका रुग्णालयात दाखल होते. दाखल होतानाच तिथे एक बारा पानी पुस्तिका हातात ठेवतात. पहिल्या नऊ पानांवर रुग्णाचे हक्क आणि उरलेल्या तीन पानांवर जबाबदाऱ्या. बहुतेक जण ती उशाखाली सारतात आणि घरी जाताना तिथेच विसरतात. मला मात्र शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीची रिकामी दुपार मिळाली आणि ती मी पूर्ण वाचून काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पुस्तिकेत दिलेला शब्द रुग्णालयाने कुठे पाळला आणि कुठे पाळला नाही, एवढेच इथे लिहायचे आहे.

मजकूर बऱ्याच अंशी जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जाहीरनाम्यावर बेतलेला दिसतो, जो १९८१ साली लिस्बन येथे स्वीकारला गेला आणि १९९५ साली बाली येथे सुधारला गेला. कोणत्याही टप्प्यावर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, संशोधनात किंवा विद्यार्थ्यांच्या शिक्षणात सहभागी होण्यास नकार देणे, स्वतःच्या नोंदींतील माहिती मिळवणे हे सगळे त्यात आले आहे. सहसा भिंतीवरच्या फलकांवर न दिसणारा एक हक्कही इथे आवर्जून छापला आहे: आपल्या आजाराची माहिती नको असेल तर तसे स्पष्ट सांगण्याचा आणि ती आपल्याऐवजी कोणाला द्यावी हे स्वतः ठरवण्याचा. घरच्यांनी परस्पर ठरवून रुग्णापासून निदान लपवणे आणि रुग्णाने आपण होऊन ‘मला नको, माझ्या ताईला सांगा’ असे म्हणणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते पुस्तिकेने दोन ओळींत नेमके पकडले आहे.

आता संमतीपत्राकडे येते, कारण तिथे एकाच रुग्णालयाची दोन रूपे मला पाहायला मिळाली. आदल्या संध्याकाळी सर्जन स्वतः आले, खुर्ची ओढून बसले आणि एका कोऱ्या कागदावर यकृत, पित्ताशय व पित्तनलिका यांचे चित्र काढून त्यांनी सगळे समजावून सांगितले. दुर्बिणीतून काम झाले नाही तर पोट उघडावे लागू शकते, पित्तनलिकेला इजा होण्याची शक्यता कमी असली तरी असते, आणि शस्त्रक्रिया टाळली तर पुढे काय होऊ शकते, हेही त्यांनी सांगितले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, “आता तुम्ही मला सांगा, उद्या आपण काय करणार आहोत?” मी सांगताना पित्ताशय आणि पित्तनलिका यांची गल्लत केली. त्यांनी न कंटाळता पुन्हा चित्र काढले, आणि त्यानंतरच सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारात मी स्ट्रेचरवर होते, चष्मा काढून भावाकडे दिलेला होता, आणि नेमक्या त्याच वेळी भुलीचे संमतीपत्र समोर आले. “मॅडम, इथे एक सही आणि इथे एक.” चष्म्याशिवाय मला त्यावरचे एक अक्षरही दिसत नव्हते, तरी मी सही केली. संपूर्ण भूल देताना घशात नळी घालतात आणि त्यामुळे काही दिवस आवाज बसू शकतो, हे मला आवाज बसल्यावर कळले. एरवी ही बाब किरकोळ आहे; पण मी शिक्षिका आहे, शाळेत रोज पाच तास बोलते, आणि माझा व्यवसाय कोणता हे भूल देणाऱ्या चमूपैकी कोणीच विचारले नव्हते. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन्टगोमेरी खटल्यात हाच मुद्दा धरला होता की, कोणता धोका सांगण्याजोगा आहे हे समोरच्या त्या विशिष्ट रुग्णाच्या दृष्टीने तो किती महत्त्वाचा आहे यावरूनही ठरते. पुस्तिकेच्या चौथ्या पानावर ‘संमती पुरेसा वेळ देऊन घेतली जाईल’ असे छापले आहे. भूलविभागापर्यंत ते पान पोहोचलेले दिसत नाही.

विद्यार्थ्यांबाबतही थोडे असेच झाले. राउंडच्या वेळी वरिष्ठ डॉक्टरांनी माझी परवानगी विचारली खरी, परंतु सहा जण खाटेभोवती उभे राहिल्यावर आणि “चालेल ना?” अशा शब्दांत. या ‘ना’ला नाही म्हणणे फार अवघड असते.

जबाबदाऱ्यांच्या तीन पानांचा सूर मात्र मला खटकला, कारण प्रत्येक वाक्य ‘करू नये’ किंवा ‘पालन करावे’ असेच संपते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या संघटनेने १९७३ साली स्वीकारलेल्या हक्कपत्राच्या जागी २००३ मध्ये जी पुस्तिका आणली, तिच्या नावातच भागीदारी हा शब्द आहे. इथे तो भाव कुठेच नाही. ‘उपाशी राहण्याच्या सूचनांचे पालन करावे’ एवढेच लिहिले आहे, कारण दिलेले नाही. शेजारच्या खाटेवरील बाईंनी पहाटे दोन घास खाल्ले, शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली आणि नातेवाईक सिस्टरांवर तावातावाने ओरडले. भुलीखाली पोटातील अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून जेवण किमान सहा तास आणि पाणीसुद्धा दोन तास आधी बंद करतात, हे एक वाक्य छापले असते तर तो प्रसंग कदाचित टळला असता.

माझी स्वतःची चूकही लपवत नाही. रोजच्या गोळ्या विचारल्यावर मी फक्त रक्तदाबाची सांगितली. गुडघ्यांसाठी परस्पर दुकानातून आणून घेत असलेली वेदनाशामक गोळी माझ्या लेखी औषधच नव्हती. सिस्टरांनी पर्स रिकामी करायला लावली तेव्हा ती स्ट्रिप निघाली. अशा गोळ्यांचा रक्तस्रावावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे ती लगेच बंद झाली आणि रक्ताची एक तपासणी पुन्हा झाली. त्याच सिस्टर प्रत्येक औषधापूर्वी नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहत. पहिल्या दिवशी मला त्याचा वैताग आला होता. स्ट्रिपच्या प्रसंगानंतर मी विचारायच्या आधीच जन्मतारीख सांगू लागले.

सेवेची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे डिस्चार्ज. डिस्चार्ज कार्डावर ‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत’ असे लिहून दिले होते, म्हणजे नुकतीच बंद केलेली गुडघ्याची गोळीही त्यात आलीच. मी विचारल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही हे हाताने लिहून दिले. न विचारणाऱ्याचे काय होत असेल, कोण जाणे. नोंदींच्या प्रती मागितल्या तर तीन खिडक्या फिरवल्या गेल्या आणि त्या घरी गेल्यावर सहाव्या दिवशी मिळाल्या. पुस्तिकेत प्रती मिळण्याचा हक्क आहे, मुदत मात्र दिलेली नाही.

भुलीच्या संमतीपत्राबद्दल मी लेखी तक्रार केली आहे. तक्रारपेटीत टाकलेल्या कागदाची पोच मिळत नाही, म्हणून अर्ज थेट कार्यालयात दिला आणि प्रतीवर तारखेसह शिक्का मागून घेतला. शस्त्रक्रियेसाठी याच सर्जनकडे मी पुन्हा जाईन. फक्त भुलीचे संमतीपत्र आदल्या संध्याकाळीच, चष्मा डोळ्यांवर असताना मागून घेईन.