नायमेखनमधले दहा महिने आणि आजीचं ‘म्हटलं’

गेल्या सप्टेंबरपासून मी नेदरलँड्समधल्या नायमेखनला भाषाविज्ञान आणि संज्ञापन या विषयात रिसर्च मास्टर्स करते आहे. पहिलं वर्ष संपत आलंय. घरून निघण्याआधी मला जे कळायला हवं होतं, ते इथे लिहिते.

आधी हिशेब. साधी मास्टर्स इथे बऱ्याच विषयांत एका वर्षाची, 60 क्रेडिटची असते. रिसर्च मास्टर्स दोन वर्षांची, 120 क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे 28 तासांचं काम, म्हणजे सगळे मिळून 3,360 तास. वर्गातले तास त्यात थोडेच, बाकीचे वाचनात आणि स्वतःच्या डेटावर जातात. मार्क 10 पैकी देतात. 10 जवळजवळ कुणालाच मिळत नाही, 8 म्हणजे फार चांगलं. डिस्टिंक्शनची सवय असलेल्यांनी हे मनाशी पक्कं करून यावं. पहिला 7 हातात पडला तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

नायमेखनच का, तर इथे मानसभाषाविज्ञानाची मॅक्स प्लांक संस्था आहे. 1980 साली विलेम लेव्हेल्ट यांच्या नेतृत्वाखाली ती सुरू झाली. माणूस बोलतो कसा, दुसरा ते समजतो कसं, हे मोजून पाहण्याची परंपरा या गावात तेव्हापासूनची आहे. संभाषणाला खुणा करायचं इलान हे सॉफ्टवेअर त्याच संस्थेत तयार झालं. आवाज तपासायचं प्रात हे अॅमस्टरडॅमच्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं. डचमध्ये ‘प्रात’ म्हणजे ‘बोल’. दोन्ही फुकट मिळतात, तेव्हा यायचं ठरवलं असेल तर घरीच हात बसवून घ्या.

मी येताना ‘मराठी आणि डच संभाषणातली सभ्यता’ असा भलामोठा विषय घेऊन आले होते. मार्गदर्शकांनी शांतपणे विचारलं, “सभ्यता रेकॉर्डिंगमध्ये कुठल्या सेकंदाला दिसते?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या एका प्रश्नानं माझं अख्खं वर्ष बदललं.

डिसेंबरच्या सुट्टीत सांगलीला गेले, तेव्हा आजी आणि मावशी गप्पा मारत बसल्या असताना रेकॉर्ड केलं. आधी संमतीपत्र मराठीत लिहून दोघींना वाचून दाखवावं लागलं. आजी म्हणाली, “घरात बोलायलाही आता सही लागते व्हय?” मग तिनं चष्मा लावला आणि पत्र पुन्हा स्वतः वाचूनच सही केली. परत आल्यावर त्यातली दहा मिनिटं इलानमध्ये उतरवायला मला नऊ तास लागले. बोलणाऱ्या प्रत्येकीची वेगळी ओळ, प्रत्येक वाक्याची सुरुवात आणि शेवट हातानं लावायचा, हुंकारसुद्धा सोडायचा नाही. तीन वाक्यं कुकरच्या शिट्टीखाली गेली, ती गेलीच.

त्या दहा मिनिटांत एक जागा सापडली. आजी म्हणते, “परवा त्या शेवंतीकडं गेलते.” मावशी म्हणते, “अं?” आजी म्हणते, “शेवंतीकडं गेलते म्हटलं.” मी हे दिवसभर पुन्हापुन्हा ऐकलं. ‘परवा’ गळलं, ‘त्या’ गळलं आणि शेवटी ‘म्हटलं’ आलं. मावशीनं “कुणाकडं?” विचारलं असतं, तर नुसतं “शेवंतीकडं” पुरलं असतं. ‘अं?’ म्हटल्यावर मात्र आजीला वाक्यातलं मोलाचं काय ते निवडावं लागलं, आणि आपण हे पुन्हा सांगतो आहोत याची खूणही करावी लागली. ती निवड तिनं डोळ्याचं पातं लवायच्या आत केली. जन्मभर कानावर पडलेलं ‘म्हटलं’ मला तिथे पहिल्यांदा ऐकू आलं.

या छोट्याशा ‘अं?’वर इथे मोठं काम झालंय. इथले भाषावैज्ञानिक मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही हा शब्द जवळपास सारखाच आहे. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते इग नोबेलही त्याला 2015 मध्ये मिळालं. त्याआधी 2009 मध्ये दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांची तुलना झाली होती. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी निघाली. चित्र बघून त्याचं नाव उच्चारायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, म्हणजे समोरचा थांबण्याआधीच आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो. दहांत सर्वांत झटपट उत्तर जपानीत येतं. जपानीत प्रश्नाचा ‘का’ वाक्याच्या शेवटीच येतो, अगदी “येतोस का?”सारखा! मग ऐकणाऱ्याला हा प्रश्न आहे हे आधीच कशावरून कळतं? मराठीपुरतं याचं उत्तर मला शोधायचं आहे.

संख्याशास्त्राचं मात्र स्पष्ट सांगते. माझं बीए मराठी साहित्याचं. पहिले दोन महिने आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकण्यात गेले आणि रात्री गेल्या. पण ते टाळता येत नाही. आजीनं दहा वेळा उत्तर दिलं म्हणजे दहा माणसांनी दिलं असं होत नाही. हा फरक हिशेबात कसा धरायचा, ते मिक्स्ड मॉडेल ही संख्याशास्त्रातली पद्धत शिकल्यावरच कळलं. इथे येण्याआधी दोन महिने आर करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मी वर्षभर जे लेख वाचले त्यांत मराठी क्वचितच भेटली. आठ कोटींहून जास्त लोकांची भाषा तळटिपेत बघून वाईट वाटतं. मग मी ग्रिअर्सनने ब्रिटिश काळात केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा 1905 चा मराठीवरचा सातवा खंड उघडला. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेलं बोलींचं सर्वेक्षणही चाळलं. गावोगावच्या माणसांचं बोलणं त्यात आहे. आपल्याकडे सामग्री आहे, ती घेऊन इथे यायला माणसं हवीत.

पैशांचं थोडक्यात: युरोपबाहेरच्यांना फी कित्येक पटींनी जास्त पडते, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय मी आले नसते. खोली मिळणं अवघड. एका घरमालकानं अनामत परत करायला चार महिने लावले, तेव्हा करार नीट वाचा. डिग्रीनंतर नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं. पीएचडी इथे सहसा पगारी नोकरीच असते, चारेक वर्षांची, आणि हा कोर्स तिचीच तयारी आहे. ज्यांना लगेच कंपनीत जायचंय त्यांनी एका वर्षाचा साधा कोर्स घ्यावा. एकच मिनिट शंभर वेळा ऐकायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी मात्र जरूर यावं.

पुढच्या महिन्यात मी घरी जाते आहे. या वेळी दोन माइक नेणार, एक आजीच्या पदराला लावायचा आणि एक मावशीच्या. दोघी एकदम बोलल्या की एका माइकवर कुणाचं बोलणं कुठे संपलं ते दिसत नाही, आणि मला नेमकी तीच जागा हवी आहे. कुकर मात्र गप्पा संपल्यावर लावायचा, असं मावशीला कालच फोनवर सांगून ठेवलंय.