लायसन्ससकट ड्रोन देतो म्हणाला, आणि मी घेतला

सेकंडहँड ड्रोन विकणारा कोणी "भाऊ, लायसन्ससकट देतो" म्हणाला ना, तर तिथल्या तिथे उठा. ड्रोनबरोबर लायसन्स असं काही मिळतच नाही. मशीनचा नंबर मशीनचा असतो, उडवणाऱ्याचं सर्टिफिकेट उडवणाऱ्याचं असतं. नंबर दुसऱ्याच्या नावावर करायची रीतसर पद्धत आहे, सर्टिफिकेट तर कोणाला देताच येत नाही. मला हे सगळं पैसे गेल्यावर कळलं.

झालं असं की मला शूटिंगच्या कामासाठी बऱ्या कॅमेऱ्याचा ड्रोन हवा होता. परदेशी कंपन्यांचे नवीन ड्रोन आपल्याकडे सरळ मार्गाने येत नाहीत, कारण ९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा या कामांना सूट. सुटे भाग आणायला बंदी नाही. म्हणजे बाजारात जे फिरतंय ते एकतर बंदीच्या आधी आलेलं, नाहीतर कोणाच्या तरी बॅगेतून आलेलं. त्यामुळे जुन्या मशीनला गिऱ्हाईक कायम तयार असतं, आणि हे विकणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहिती असतं.

माणूस बोलायला गोड. स्वतः शूट करतो, आता मोठं मशीन घेतलंय म्हणून हे काढतोय, एकदाही पडलेलं नाही वगैरे. मोकळ्या मैदानात डेमो दिला, पण उडवलं त्यानेच, अ‍ॅप त्याच्याच फोनवर, अकाउंट त्याचंच. मला स्क्रीन दाखवत होता ती फक्त व्हिडिओची. बॅटरी किती वेळा चार्ज झालीय (सायकल काउंट), एकूण किती तास उडालंय, आतला सिरियल नंबर काय, हे सगळं त्याच अ‍ॅपमध्ये दिसतं, पण तिथे जाऊच दिलं नाही. "ते सगळं ओके आहे भाऊ, ऊन आहे, स्क्रीन दिसत नाही नीट."

मग कागद काढले, आणि खरी गंमत इथेच आहे. तीन कागद होते. एकावर सरकारी शिक्क्यासारखं काहीतरी आणि त्यावर डॅन असा नंबर, दुसरं त्याचं स्वतःचं पायलट सर्टिफिकेट, तिसरा बिलाचा फोटो. म्हणाला डॅन म्हणजेच रजिस्ट्रेशन, झालं तुमचं काम. आता हा डॅन काय प्रकार आहे तो नीट वाचा, कारण जुन्या ड्रोनच्या जाहिरातींमध्ये तो अजून रुबाबात दाखवतात. जानेवारी २०२० मध्ये सरकारने सांगितलं होतं की ज्यांच्याकडे ड्रोन आहेत त्यांनी ३१ जानेवारीपर्यंत स्वतःहून ऑनलाइन माहिती द्या, त्याची पोच म्हणून मालकाला एक आणि ड्रोनला एक असे नंबर मिळाले. ड्रोनचा तो डॅन. या नंबरांमुळे उडवायचा हक्क मिळत नाही हे त्याच सूचनेत लिहिलेलं होतं. म्हणजे माझ्या हातात होती ती नुसती पोचपावती.

खरा नंबर वेगळा असतो, यूआयएन, म्हणजे प्रत्येक ड्रोनचा स्वतःचा नोंदणी नंबर. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले त्यात तो आहे. आणि हा यूआयएन घ्यायचा तर २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला टाइप सर्टिफिकेट (हे मॉडेल नियमात बसतं असा दाखला) लागतं, ते त्या मॉडेलचं असतं, आपण एकटे अर्ज करून आपल्या एका मशीनसाठी मिळवू असं ते नाही. माझं मशीन २५० ग्रॅम ते २ किलो या मायक्रो गटातलं. त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट नाही. जुन्या ड्रोनसाठी मधे एक वाट ठेवली होती, डॅन आणि जीएसटीचं बिल असेल तर वगैरे, पण तिची मुदत केव्हाच संपली आणि या पठ्ठ्याने तेव्हा काही केलं नव्हतं. तेव्हा हे मशीन माझ्या नावावर करायला मुळात त्याच्याच नावावर काही नव्हतं. असतं तर विक्री करताना ड्रोन नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर डी-३ फॉर्म (मालकी बदलायचा) भरून, १०० रुपये फी भरून तो यूआयएन माझ्या नावावर करता आला असता. सगळं प्रकरण शंभर रुपयांच्या फॉर्मचं आहे, जो खरा मालक आहे त्याला तो भरायला काय जड आहे?

पायलट सर्टिफिकेटचं तर बोलायलाच नको. ते मान्यताप्राप्त ट्रेनिंग स्कूलमधून स्वतः शिकून मिळतं, वय १८ ते ६५, किमान दहावी पास, आणि १० वर्षं चालतं. नॅनोला (२५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला) ते लागत नाही, मायक्रो हौसेसाठी उडवत असाल तरी लागत नाही, पण पैसे घेऊन शूट करणार असाल तर लागतं. मला लागणार होतं. त्याचं सर्टिफिकेट माझ्याकडे असून काय उपयोग, दुसऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्स खिशात ठेवून गाडी चालवण्यासारखं आहे ते.

घरी येऊन माझ्या फोनवर जोडलं तर अ‍ॅप म्हणतंय हे मशीन दुसऱ्या अकाउंटला जोडलेलं आहे, आधीच्या मालकाने काढून टाकायला हवं. त्याला फोन केला. आज करतो, उद्या करतो, मग म्हणे त्यासाठी वेगळे पैसे लागतात (काहीही लागत नाहीत, स्वतःच्या अकाउंटमध्ये जाऊन एक बटण दाबायचं असतं), मग फोन बंद. तोवर मी अ‍ॅपमधला सिरियल नंबर बघितला होता, आणि तो बॉडीवरच्या नंबरशी जुळत नव्हता. बिलावर बॉडीवरचा नंबर. म्हणजे एका मशीनची बॉडी, दुसऱ्याचं आतलं सामान, आणि "एकदाही पडलेलं नाही". बॅटऱ्यांपैकी डेमोला वापरली ती एकच धड, बाकीच्या टेबलावर ठेवल्या तर डुगडुगतात, इतक्या फुगलेल्या. अशी बॅटरी चार्जला लावू नका, आग लागू शकते.

आणखी एक थाप सगळेच मारतात, "१२० मीटरपर्यंत कुठेही उडवा". ते फक्त ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही त्या हद्दीत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटरच, ५ ते ८ मध्ये जमिनीपासूनच यलो झोन, म्हणजे एटीसीची (विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) परवानगी. रेड झोनला केंद्राची. वर पोलिसांचे मनाई आदेश निघतात ते वेगळे. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत जाऊ शकतो, आणि तो विकणाऱ्याला नाही, रिमोट ज्याच्या हातात त्याला. हल्ली २४९ ग्रॅमच्या छोट्यांची पण हीच तऱ्हा आहे, सोबत मोठी बॅटरी फुकट देतात आणि ती लावली की वजन २५० च्या वर, म्हणजे नॅनो राहिलाच नाही.

तक्रार केली. चौकीवर पहिला प्रश्न, ड्रोनचं रजिस्ट्रेशन दाखवा. आता बोला. फसवणुकीचं कलम (भारतीय न्याय संहितेतलं ३१८) लागू शकतं की नाही हे त्यांनी बघायचं, पण मी तिथे अर्धा वेळ माझंच स्पष्टीकरण देत होतो.

घ्यायचाच असेल तर भेटायच्या आधी यूआयएन मागा आणि डी-३ करून देणार का ते विचारा, तिथेच बरेच जण गळतात. मग अकाउंट समोर बसून काढायला लावा, तुमच्या फोनवर जोडा, अ‍ॅपमधला आणि बॉडीवरचा नंबर ताडून बघा, प्रत्येक बॅटरी लावून बघा, स्वतः थोडा वेळ एका जागी हवेत धरून ठेवा, कॅमेरा थरथरतो का बघा. पैसे खात्यातूनच द्या. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी काढून ठेवा, माझ्या माणसाने त्याच रात्री ती काढून टाकली होती, आणि चौकीवर दुसरा प्रश्न तिच्याबद्दलच होता.