जीवाश्मांची जुनी चित्रं छापून लावायची आहेत? कुठून घ्यावीत आणि कुठून नाही

माझ्या भिंतीवरच्या पहिल्या ट्रायलोबाइटला डोळे नव्हते. ट्रायलोबाइट म्हणजे फार पूर्वी नष्ट झालेला, खंडाखंडांच्या कवचाचा समुद्री प्राणी. मूळ चित्रात त्याला डोळे होते. जोआकिम बारांद यांनी 1852 साली बोहेमियातल्या ट्रायलोबाइटांवर जो ग्रंथ काढला, त्यात फॅकॉप्स नावाच्या ट्रायलोबाइटच्या डोळ्यातली भिंगं एकेक करून दाखवली आहेत. मी शोधल्यावर पहिलं समोर आलेलं चित्र उतरवून घेतलं, ए3 आकारात छापून आणलं, आणि भिंगांच्या जागी करडा डाग उमटला. छापणाऱ्याचा दोष नव्हता, फाइलच जेमतेम हजार पिक्सेलांची होती. तेव्हापासून चित्र कितीही आवडलं तरी आधी स्कॅन तपासते.

म्हणून संग्रहांची तुलना करण्याआधी हा हिशोब डोक्यात पक्का असू द्या. ए3 कागद 297 बाय 420 मिलिमीटरचा. तो 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके या हिशोबाने, छापायचा तर 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात. भिंतीवरचं चित्र आपण हातभर लांबून बघतो, त्यामुळे 200 डीपीआयही चालून जातं. म्हणजे साधारण 2340 बाय 3310 पिक्सेल. याच्या खाली गेलात तर रेषा मऊ पडते, आणि जीवाश्मांच्या चित्रात रेषा हेच सगळं काही असतं.

मूळ ग्रंथांचे संग्रह

निसर्गविज्ञानाच्या जुन्या ग्रंथांसाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या तोडीची दुसरी जागा मला सापडलेली नाही. 2006 साली काही ग्रंथालयांनी एकत्र येऊन ती उभी केली आणि आज तिच्यात कोट्यवधी पानं आहेत. पुढे तिला बीएचएल म्हणते. इथे सुटं चित्र मिळत नाही, अख्खा ग्रंथ मिळतो. त्यामुळे प्लेटवरच्या, म्हणजे चित्रांसाठी वेगळ्या छापलेल्या पानावरच्या, आकृती क्रमांक 7 मध्ये काय आहे हे समोरच्या पानावर वाचता येतं. ज्याला भिंतीवर काय लावलंय हे माहीत असावंसं वाटतं, त्याच्यासाठी हा फार मोठा फायदा आहे.

इथली बरीचशी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हने स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे तेच ग्रंथ तिथेही असतात. वाचताना पडद्यावर जे पान दिसतं ते आकाराने कमी केलेलं असतं, आणि चूक बहुतेकांची इथेच होते. तेच पान जतन करून छापायला देतात. आर्काइव्हवर ग्रंथाच्या डाउनलोड यादीत जेपी2 फाइलींची एक झिप असते. ती शेकडो मेगाबाइटची असू शकते, उतरायला वेळ घेते, पण सर्वांत तपशीलवार स्कॅन तिच्यातच असतं. गिम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती पानं उघडतात.

दुसरा फायदा मला बऱ्याच उशिरा कळला. एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या ग्रंथालयांतल्या प्रती इथे असू शकतात, आणि त्या सारख्या नसतात. जेम्स सॉवरबी यांच्या ब्रिटनमधल्या जीवाश्म शंखशिंपल्यांवरच्या ग्रंथमालेचंच बघा. ती 1812 पासून भागाभागाने निघाली, 1822 मध्ये सॉवरबी गेल्यावर मुलाने ती 1846 पर्यंत चालवली. तिच्या प्लेटा हाताने रंगवलेल्या आहेत. हाताने रंगवलं म्हटल्यावर एका प्रतीतला अमोनाइट (गुंडाळीदार कवचाचा नामशेष समुद्री प्राणी) गेरूसारखा तांबूस, तर दुसऱ्या प्रतीतला मातकट असणारच. एका प्रतीत पानावर तपकिरी ठिपके पडलेले, दुसरीत कागद स्वच्छ. एखाद्या ग्रंथालयाने ऐन चित्रावर शिक्का उठवलेला असतो. ठरवण्याआधी जितक्या प्रती सापडतील तितक्या उघडून बघा.

अडचण शोधण्याची आहे. बीएचएलचा शोध ग्रंथाच्या नावावर आणि मजकुरावर चालतो, चित्र कसं दिसतं यावर नाही. जुन्या लेखकांनी 'फॉसिल' हा शब्दही आपल्यासारखा वापरलेला नाही. पूर्वी जमिनीतून खणून काढलेली कुठलीही वस्तू, अगदी खनिजसुद्धा, 'फॉसिल' होती. म्हणून 'पेट्रेफॅक्टा', जर्मनमधलं 'फेरश्टाइनरुंगेन' किंवा इंग्रजीतलं 'ऑरगॅनिक रिमेन्स' हे शब्द टाकून बघा, दार एकदम उघडतं. 'ऑरगॅनिक रिमेन्स' शोधलंत तर जेम्स पार्किन्सन यांचे 1804 ते 1811 दरम्यानचे तीन खंड हाती लागतील. कंपवाताचं 1817 मधलं प्रसिद्ध वर्णन ज्यांनी केलं, तेच हे डॉक्टर.

इतकी खटपट नको असेल तर बीएचएलचा फ्लिकरवरचा संग्रह चाळा. तिथे चित्रंच चित्रं दिसतात, नजरेने निवड होते. मी तिथे आवडतं ते शोधते आणि मग मूळ ग्रंथात जाऊन मोठं स्कॅन काढते.

विकिमीडिया कॉमन्स

मोफत वापरायच्या चित्रांचा हा खुला संग्रह. सगळ्यांत झटपट मार्ग हाच, आणि फसगतही इथेच जास्त. कॉमन्सवर कुणीही चित्र चढवू शकतं. त्यामुळे एकाच प्लेटच्या चार-पाच फाइली असतात. एक मूळ स्कॅन, एक कागद पांढराफेक करून टाकलेली, एक रंग भडक केलेली, एक कापून छोटी केलेली. प्रत्येक फाइलच्या पानावर पिक्सेलांचं माप आणि स्रोत लिहिलेला असतो. स्रोत म्हणून एखाद्या ग्रंथालयाचं नाव असेल तर विश्वास ठेवा. कुणाच्या तरी खासगी ब्लॉगचा पत्ता असेल तर पुढच्या फाइलीकडे वळा.

जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांची चित्रं हवी असतील तर मात्र कॉमन्सच सोयीचं. 1899 ते 1904 या काळात निघालेल्या त्यांच्या 100 प्लेटांपैकी 44 क्रमांकाची अमोनाइटांची आहे आणि 47 क्रमांकाच्या प्लेटवर ट्रायलोबाइट आहेत. माझं मत विचाराल तर हेकेल सजावटीला देखणे आहेत, पण त्यांनी आकारांची मांडणी इतकी सममित केली आहे की दगडातून काढलेल्या वस्तूचा खरखरीतपणा हरवतो. शिवाय ही चित्रं उशांपासून कपांपर्यंत सगळीकडे छापली गेली आहेत. जीवाश्म दगडातलाच वाटावा असं ज्याला हवं आहे, त्याने थोडं मागच्या काळात जावं.

सुटे जीव नकोत, देखावा हवा, असं असेल तर हेन्री डे ला बेश यांचं 1830 मधलं जलरंगचित्र बघा. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांना सापडलेल्या प्राण्यांवरून रंगवलेला तो प्राचीन समुद्र आहे, आणि त्याच्या शिलामुद्रित (दगडावरून छापलेल्या) प्रती ॲनिंग यांना मदत म्हणून विकल्या गेल्या. मुलांच्या खोलीत हे एकच चित्र पुरे.

संग्रहालयांचे खुले संग्रह

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्ये 28 लाख प्रतिमा कुठल्याही अटीविना खुल्या केल्या. वेलकम कलेक्शननेही आपलं बरंच साहित्य मोकळं केलं आहे. फाइली चांगल्या, हक्कांची माहिती स्पष्ट, उतरवणं सोपं. पण जीवाश्मांच्या जुन्या चित्रांची निवड बीएचएलच्या मानाने तोकडी पडते, आणि कलासंग्रहालयांत तर ती फारच विरळ. एकच भरवशाचं चित्र चटकन हवं असेल तर इथे या. चार चित्रांचा संच एका ग्रंथातून जुळवायचा असेल तर वेळ जाईल.

गूगल बुक्स वाचायला उत्तम, छापायला नाही. कित्येक स्कॅन निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आहेत आणि घडी घातलेल्या मोठ्या प्लेटा पुष्कळदा न उलगडताच स्कॅन झाल्या आहेत. ग्रंथात काय आहे हे तिथे बघा आणि स्कॅन दुसरीकडून घ्या.

तयार विकत मिळणारे संच

'दुर्मीळ जीवाश्म चित्रं, 500 फाइली' असे संच विकायला असतात. बहुतेकांमधलं साहित्य वर सांगितलेल्या मोफत संग्रहांतूनच आलेलं असतं. कुणी प्रामाणिकपणे डाग काढून, रंग जुळवून दिलं असेल तर त्या मेहनतीचे पैसे देण्यात गैर काही नाही. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे.

पहिली म्हणजे यंत्राने फुगवलेलं रिझोल्यूशन. अमोनाइटचं कवच झिजून गेलेलं असलं की आतल्या दगडी साच्यावर नक्षीसारख्या नागमोडी रेषा दिसतात. आतल्या कप्प्यांचे पडदे कवचाला जिथे जोडलेले होते त्या जोडरेषा त्या. जाती ओळखण्यात या रेषांचा मोठा आधार असतो. फाइल फुगवणारा प्रोग्रॅम त्यांना वेलबुट्टी समजतो आणि आपल्या मनाने वळणं भरतो. लांबून छान दिसतं, जवळ गेलं की तो कुठलाच प्राणी उरत नाही.

दुसरी म्हणजे जुनी नसलेलीच चित्रं. पिवळट कागद, शाईची रेषा, खाली लॅटिनसारखी दिसणारी निरर्थक अक्षरं, आणि सगळं कालपरवा यंत्राने बनवलेलं. ओळखायची खूण सोपी आहे. ग्रंथाचं नाव, साल आणि प्लेटचा क्रमांक विचारा. खऱ्या चित्राला हे तिन्ही असतात. विक्रेता सांगू शकला नाही तर घेऊ नका.

खरी जुनी प्लेट

छापण्याऐवजी मूळ कागदच घ्यावा का? ताम्रपटावरून, म्हणजे चित्र कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून, छापलेल्या पानावर पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला जाणवतो, ते सुख कुठल्याही प्रिंटमध्ये नाही. तरीही मी घेत नाही. सुट्या प्लेटा पुष्कळदा ग्रंथ फाडून काढलेल्या असतात, आणि एक प्लेट विकली गेली की पुढचा ग्रंथ फाडायला कारण मिळतं. शिवाय हाताने दिलेले जलरंग उजेडात फिके पडतात. जुना कागद घ्यायचाच असेल तर छोटा घ्या, ऊन येणाऱ्या भिंतीपासून लांब लावा आणि अतिनील किरण अडवणारी काच बसवा.

मग कोणता ग्रंथ?

भिंतीवर मोठं चित्र हवं असेल तर मोठ्या आकाराचा ग्रंथ निवडा. सॉवरबी यांचं पान लहान, साधारण 14 बाय 22 सेंटिमीटरचं. ते 400 पीपीआयने (इंचाला 400 पिक्सेल) स्कॅन केलं तर 2200 बाय 3450 पिक्सेलांच्या आसपास हाती येतं, म्हणजे ए3 ही त्याची हद्द. गेओर्ग वोल्फगांग क्नोर यांचा 1755 पासून निघालेला जर्मन ग्रंथ मोठ्या पानांचा आहे आणि ए2 आरामात पेलतो. हाताने रंगवलेले त्यातले ताम्रपट मला सगळ्यांत सजावटीचे वाटतात, दिवाणखान्यासाठी मी तेच सुचवेन. एक गंमत लक्षात ठेवा. ताम्रपटावर जे कोरतात त्याची छपाई उलटी उमटते. कोरणाऱ्याने आधीच उलटं कोरलं नसेल तर शंखाचं वळणही उलटं होतं. रेम्ब्रांट यांनी 1650 मध्ये कोरलेल्या शंखाचं असंच झालं आहे, सही मात्र सुलटी आहे. चित्र खराब समजून ते आडवं फिरवू नका. अक्षरं उलटी होतील.

रंग नको, सावल्या हव्यात, तर शिलामुद्रण, म्हणजे लिथोग्राफी, बघा. 1796 च्या सुमारास आलॉइस झेनेफेल्डर यांनी शोधलेलं हे तंत्र बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीवर वाढलं. त्याच चुनखडीत 1861 मध्ये आद्यपक्षी सापडला, म्हणून त्याचं नाव आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. त्या दगडावरून छापलेल्या जीवाश्मांच्या चित्रांत दगडाचा बारीक रवा उतरलेला दिसतो, आणि मोठं केलं तरी तो विद्रूप होत नाही. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ झालेल्या जाळीदार ठिपक्यांच्या छपाईपासून लांब राहा. मोठं केलं की ठिपकेच दिसतात.

हक्कांची चिंता या काळातल्या चित्रांपुरती थोडी आहे. बहुतेक देशांत लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या मृत्यूनंतर 50 ते 70 वर्षांनी प्रताधिकार संपतो, आणि वरची सगळी मंडळी त्याहून कितीतरी आधी गेली. घरी लावायचं तर प्रश्नच नाही. प्रिंट विकायचे असतील तर त्या संस्थेच्या अटी वाचा, कारण काही ग्रंथालयं आपल्या स्कॅनच्या व्यावसायिक वापरासाठी वेगळी परवानगी मागतात.

छापताना कागद पांढराशुभ्र करू नका, मूळ पिवळट रंग थोडा राहू द्या आणि चकचकीत कागदाऐवजी जाडसर मॅट कागद घ्या. आणि प्लेटच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांच्या ओळी फ्रेमसाठी कापू नका. 'डेल' लिहिलेलं असेल तो चित्रकार, 'स्कल्प' म्हणजे कोरणारा, 'लिथ' म्हणजे शिळेवर उतरवणारा. लुई आगासी यांच्या जीवाश्म माशांच्या ग्रंथातल्या, 1833 ते 1843 मधल्या, कितीतरी प्लेटांखाली जोसेफ डिंकेल हे नाव आहे. त्या माशांचा एकेक खवला त्यांनी काढलेला आहे. आता माझ्या टेबलासमोर ट्रायलोबाइटच्या जागी त्यांतलाच एक मासा आहे, खालच्या नावासकट.