मोठ्या बायकांची पोहण्याची बॅच, २१ दिवस: जावं का? जावंच

सांगलीत आमच्या घराजवळच्या टँकवर सकाळी बायकांची बॅच असते, २१ दिवसांची, फी २५००, टोपी आणि गॉगल आपला आपण आणायचा. माझी परवा संपली. सोसायटीतल्या चार-पाच जणींनी कसं आहे विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझं वय ४१. माहेर कृष्णाकाठचं, नदी अगदी दारात, पण आमच्याकडं पोरगा सहा-सात वर्षांचा झाला की पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर तेलाचा रिकामा कॅन बांधून त्याला विहिरीत सोडायचे आणि पोरी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायच्या. २०१९ च्या ऑगस्टमधे महापूर आला, ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली, तेव्हापासून आपल्याला पोहता येत नाही ही गोष्ट मला टोचत होती. मधे एकदा दुसरीकडं क्लास लावलेला, तिथं शिकवणारे नुसतं घाबरू नका घाबरू नका म्हणायचे आणि मागनं ढकलायचे, दोन दिवसात सोडला.

इथल्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं की ताई, भीती वाटणारच, तुमचं शरीर तुम्हाला वाचवायलाच धडपडतंय, फक्त जमिनीवर जे उपयोगी पडतं तेच पाण्यात उलटं पडतं. मला हे इतकं पटलं! आणि पुढचे २१ दिवस त्यांनी खरंच एकेक करून दाखवलं की आपण आपोआप काय करतो आणि त्याच्या जागी काय करायचं.

सगळ्यात पहिलं मान. पाण्यात गेलं की मान आपोआप वर जाते, नाकतोंड वाचवायला. पण डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, ते पाण्याबाहेर धरलं की तेवढा भार शरीरावर येतो आणि पाय खाली जातात, पाय खाली गेले की आपण अजून घाबरून मान अजून वर करतो. उपाय काय, तर कान पाण्यात बुडतील एवढी मान मागं टाकून आकाशाकडं बघत पडायचं. सांगायला एक ओळ आहे, मला पाच दिवस लागले, कारण कानात पाणी गेलं की आतनं कुणीतरी ऊठ ऊठ म्हणत असतं.

चौथ्या दिवशी सरांनी छातीएवढ्या पाण्यात तळाला एक रुपयाचं नाणं टाकलं आणि म्हणाले पूर्ण श्वास भरून घ्या आणि खाली जाऊन उचलून आणा. कुणालाच जमेना. खाली जायला बघतोय तर पाणी वर ढकलतंय, फुफ्फुसात हवा भरलेली असली की बहुतेक माणसं तरंगतातच. मग श्वास सोडत गेलो तेव्हा कुठं हात पोचला. बुडायचा प्रयत्न करून बघितल्यावर माझी निम्मी भीती गेली, हे मला कुणी दहा वेळा तोंडानं सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

श्वासाचंही तसंच. आपण पाण्यात गेलो की श्वास गच्च धरतो. पण जीव घुसमटल्यासारखा होतो तो मुख्यतः आत कार्बन डायऑक्साइड साठल्यानं, म्हणून पाण्यात हळूहळू बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे तोंड वर आलं की लगेच आत घेता येतं. याच दिवशी त्यांनी एक गोष्ट बजावली जी प्रत्येक विहिरीवर सांगायला पाहिजे. पोरं पैज लावतात ना कोण जास्त वेळ बुडी मारतंय, आणि त्याआधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात, ते फार धोक्याचं आहे. त्यानं कार्बन डायऑक्साइड आधीच कमी होतो, वर यायची जाणीवच वेळेवर होत नाही आणि माणूस पाण्याखाली शुद्ध हरपतो. घरी येऊन पहिलं भाच्याला फोन करून सांगितलं.

आणि बुडणारा माणूस! मला वाटायचं तो वाचवा वाचवा ओरडतो, हात हलवतो. फ्रान्सेस्को पिया नावाचे न्यूयॉर्कचे जीवरक्षक होते, त्यांनी ऑर्चर्ड बीचवर बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून हे दाखवलं की खरं बुडणं बहुतेक वेळा शांत असतं. तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होत असतं, त्यात श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कधी, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत असतात, अंग उभंच्या उभं, आणि हे सगळं फक्त २० ते ६० सेकंद. तो हे ठरवून करत नाही, हात हलवून बोलवणं त्याच्या हातातच नसतं. म्हणून पोरं पाण्यात असताना आवाज बंद झाला की बघायचं. आणि बुडता माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो, सख्खा भाऊ असला तरी, म्हणून उडी न मारता साडी, दोर, कॅन काहीतरी फेकायचं. हा भाग सरांनी शेवटच्या एकाच दिवशी घेतला, माझ्या मते किमान तीन दिवस पाहिजे. हीच माझी मोठी तक्रार.

बाकीचं पटकन. एका सरांमागं चौदा जणी, जास्त आहेत. चेंजिंग रूम दोनच, रांग लागते. क्लोरीननं केस राठ होतात, आधी तेल लावून घट्ट टोपी घाला. पाणी स्वच्छ असतं, बायकांच्या वेळेत बाकी कुणाला आत सोडत नाहीत, हे अगदी काटेकोर.

विसाव्या दिवशी सलवार कमीज घालून पाण्यात उतरवलं, कारण नदीत पडणारी बाई कॉस्च्युम घालून पडत नाही. ओली ओढणी पायात गुंडाळत होती, हात आपोआप धडपडायला लागले, आणि मी मान मागं टाकली. कान बुडाले, पाय वर आले. तशीच पडून राहिले, सर काठावरून मोजत होते, तीन मिनिटं.

पुढची बॅच जानेवारीत आहे. पाणी गार असेल, उतरल्यावर पहिलं मिनिटभर धाप लागते, कठडा धरून थांबा, ती आपोआप बसते. मे महिन्यात गर्दी फार, तेव्हा नको. मी लेकीचं नाव दिलंय, ती नऊची आहे, तिला काठावर कपडे सांभाळत बसवायचं नाही.