मेलनडीएस: बायॉस आणि फर्मवेअर नीट बसवा, मग पूर्ण डीएस मिळतो

निन्टेन्डो डीएस या हातातल्या गेम कन्सोलचे खेळ संगणकावर चालवायचे तर मेलनडीएस हा एम्युलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घ्या, असंच आम्ही सांगू. हल्लीच्या आवृत्त्यांत पर्यायी मुक्त बायॉस (कन्सोल सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) आणि तयार केलेलं फर्मवेअर (कन्सोलच्या चिपमधलं सॉफ्टवेअर आणि सेटिंग) आतच असतं, त्यामुळे बरेच खेळ वेगळी एकही फाइल न देता सुरू होतात. पण डीएसचा मूळ मेनू आणि पिक्टोचॅट (डीएसमधलं चॅट) खऱ्या फर्मवेअरमध्येच राहतात. ते हवे असतील तर खऱ्या फाइली लागणारच.

डीएसमध्ये दोन प्रोसेसर, म्हणून बायॉसही दोन. एआरएम९चं ४,०९६ बाइटचं, एआरएम७चं १६,३८४ बाइटचं. तिसरी फाइल फर्मवेअरची, जुन्या डीएस किंवा डीएस लाइटमधून काढलेली असेल तर सहसा २,६२,१४४ बाइटची. बसवण्याआधी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये हे आकडे तपासा. वेगवान प्रोसेसरचं बायॉस छोटं असल्यामुळे दोन्हींची अदलाबदल फार होते.

या फाइलींवर निन्टेन्डोचा हक्क आहे, म्हणून त्या स्वतःच्या कन्सोलमधूनच काढाव्यात. डीएस लाइट आणि फ्लॅशकार्ट (आपले प्रोग्रॅम चालवू देणारं कार्ट्रिज) असेल तर डीएसबीएफ डम्पर हा छोटा प्रोग्रॅम तिन्ही फाइली कार्डावर उतरवून देतो. डीएसआय किंवा थ्रीडीएस या नंतरच्या कन्सोलमधून डीएसचं फर्मवेअर काढलं तर ते १२८ केबीचंच निघतं. त्यात मेनू नसतो. खेळ थेट सुरू होतो, 'बूट फर्मवेअर', म्हणजे मूळ मेनू उघडणं, मात्र चालत नाही. मेनू दिसत नाही म्हणून बायॉसला दोष देण्याआधी हे पाहा.

आता सेटिंग. कॉन्फिगमधून एम्यु सेटिंग्ज उघडा, डीएस-मोडच्या टॅबवर जा, बाहेरच्या बायॉस-फर्मवेअर फाइली वापरण्याच्या चौकटीत खूण करा आणि तिन्ही जागी योग्य फाइल दाखवा. झिप आधी सोडवून घ्या. मूळ मेनूतून सुरुवात हवी असेल तर जनरल टॅबमधली 'बूट गेम डायरेक्टली'ची खूण काढा. फर्मवेअरची फाइल लिहिता येईल अशा फोल्डरमध्ये हवी, कारण नाव, भाषा, वाढदिवस आणि वायफायची माहिती तिथेच साठते. म्हणूनच तिची एक प्रत बाजूला ठेवा. मेनूत बदललेलं नाव पुढच्या वेळी परत जुनंच दिसलं, तर फर्मवेअर सेटिंग्जमधली ओव्हरराइडची (फाइलमधल्या माहितीऐवजी मेलनडीएसमध्ये भरलेली माहिती वापरण्याची) खूण काढा.

रेट्रोआर्क या अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला मेलनडीएस कोअर (त्यातला एम्युलेटरचा भाग) फाइली सिस्टम फोल्डरमध्ये ठरलेल्या नावांनीच शोधतो: बायॉस७, बायॉस९ आणि फर्मवेअर, तिन्हींचा शेवट डॉट बिन, इंग्रजी अक्षरं सगळी लहान. लिनक्सवर एक अक्षर मोठं असलं तरी फाइल सापडत नाही. विंडोजवर घोळ निराळा. तिथे एक्स्टेन्शन (नावाचा डॉटपासूनचा शेवट) लपलेलं असतं, नाव बदलताना नकळत डॉट बिन दोनदा लागतं.

डीएसआयची नक्कल करणारा डीएसआय मोड मात्र मुद्दाम गरज असेल तरच लावा. त्याला ६४ केबीची आणखी दोन बायॉस, डीएसआयचं फर्मवेअर आणि सुमारे २४० एमबीची नँड प्रतिमा (कन्सोलच्या आतल्या साठवणीची पूर्ण प्रत) लागते. त्या प्रतिमेला कन्सोलची ओळख सांगणारा ६४ बाइटचा नोकॅश फूटर (प्रतिमेला जोडलेला माहितीचा तुकडा) नसेल तर मेलनडीएस ती घेत नाही. डम्पटूल या डीएसआयवरच्या प्रोग्रॅमने काढलेल्या नँडमध्ये हा फूटर आधीच असतो, म्हणून आम्ही तेच वापरायला सांगतो.